फोल्डरला दफ्तर म्हणू नका

"आमचं सगळं दफ्तर आता डिजिटल झालंय," असे एखादे पदाधिकारी छाती पुढे काढून सांगू लागले की मी त्यांना एकच प्रश्न विचारतो. तंजावरजवळच्या ओरतनाडच्या मुक्तांबाळ छत्र या धर्मशाळेला कोणत्या वर्षी किती भात गेले, तेवढे काढून दाखवा. साहेब माउस हातात घेतात. फोल्डर उघडतो. त्यात फोल्डर. त्यात 'मोडी नवीन', 'मोडी नवीन फायनल' आणि 'मोडी फायनल दुरुस्त २' अशी तीन भावंडे. सर्वांत आत 'आयएमजी_००४७' छापाची हजारो छायाचित्रे. "आहे सगळं यातच," साहेब म्हणतात.

असेल की! कागद बांधून ठेवायच्या रुमालातही सगळे होतेच. दोनशे वर्षे होते. प्रश्न ते आहे की नाही हा नव्हताच, प्रश्न ते मागितल्यावर मिळते की नाही हा होता. पूर्वी रुमालाची गाठ सोडून कागद उलगडायचा, आता चित्रावर दोनदा टिचकी मारायची. वाचायचे पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक करून, स्वतःच्या डोळ्यांनी. एवढ्यासाठी स्कॅनर आले, निविदा निघाल्या, फीत कापली गेली, आणि भाषणांत 'डेटाबेस' हा शब्द अकरा दिशांना उधळला गेला. ज्याला हे डेटाबेस म्हणतात तो फायलींचा ढीग आहे. ढिगाला ढीग म्हणा, माझे काही भांडण नाही.

फरक सांगतो. संगणकाच्या लेखी फाइल म्हणजे बाइटांची रांग. आत राजाचा हुकूम आहे की लग्नाचा फोटो, त्याला पत्ता नसतो. अर्थ राहतो माणसाच्या डोक्यात, नाहीतर त्या फाइलीपुरत्या लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये. माणूस निवृत्त झाला, प्रोग्रॅम लिहिणारा दुसऱ्या कंपनीत गेला, की अर्थही गेला. डेटाबेसमध्ये माहितीचे वर्णन माहितीच्या सोबतच नांदते. हा रकाना दिनांकाचा, हा परिमाणाचा, हे परिमाण अमुक मापात, आणि ही व्यक्ती म्हणजे व्यक्तींच्या तक्त्यातली अमुक क्रमांकाची. या वर्णनाशी न जुळणारी नोंद दारातच अडवली जाते. दारावर पहारेकरी असतो, त्याला चुकवून कोणाला थेट कागदात हात घालता येत नाही, आणि एकाच वेळी दहाजण आले तरी तो एकाचे लिखाण दुसऱ्याच्या लिखाणावर चढू देत नाही. या पहाऱ्याला डेटाबेस म्हणतात. डेटाबेसही शेवटी डिस्कवरच्या फायलींतच राहतो, हे सांगून मला गप्प करायला येणारे पुष्कळ भेटतात. अहो, राहतोच! एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस तर आख्खा एकाच फाइलीत मावतो. मुद्दा फाइलीचा नाही, तिच्यावर राज्य कोणाचे आहे याचा आहे.

आता तंजावरच का? कारण मराठीचा इतका मोठा आणि इतका उपेक्षित ठेवा मराठी मुलखाबाहेर दुसरा मला ठाऊक नाही. १६७६ साली व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले, १८५५ साली दुसरे शिवाजी वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने राज्याचा शेवट केला. मधल्या पावणेदोनशे वर्षांत तमिळ मुलखाच्या ऐन मध्यावर कारभार चालला मराठीत आणि लिहिला गेला मोडीत. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या नावावर या राजदफ्तराचे तेराशेंच्या वर गठ्ठे सांगितले जातात. त्यात छत्रांचे हिशेब, नेमणुका, देवस्थानांचे खर्च, गवयांचे आणि नर्तकींचे पगार, दुसऱ्या सरफोजींच्या काशीयात्रेची लटांबळे. १८२०-२१ मध्ये तीन हजार माणसे घेऊन हा राजा काशीला निघाला होता. त्या यात्रेचा हिशेब म्हणजे एका फिरत्या गावाचा हिशेब आहे. तो पुण्यातल्या विद्यार्थ्याला वाचायचा तर आजही त्याने मोडी शिकून, आगगाडीत बसून, रुमाल मागवून बसावे.

आणि विनोद पाहा कुठे आहे तो. याच गावात हजार वर्षांपूर्वी लोकांना नोंद कशी ठेवावी हे कळत होते. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर राजराज चोळाचा, इ.स. १०१४ च्या सुमाराचा एक लेख आहे. राजाने ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी आणून इथे वसवल्या, त्यांची ती यादी. यादी म्हटले की आपल्याला नावांची रांग आठवते. तशी ती नाही. प्रत्येक नोंदीत आधी आळी, मग आळीतली ओळ, मग घराचा क्रम, मग ती कोणत्या देवळातून आली, आणि मग नाव. दक्षिण आळी, दक्षिण ओळ, पहिले घर. दक्षिण आळी, दक्षिण ओळ, दुसरे घर. चारशे घरे अशी. प्रत्येकीला एक वाटा, वाट्याला वर्षाचे शंभर कलम भात. ते भात कोणत्या मापाने मोजायचे? 'आडवल्लान' नावाच्या मरक्कालने, असे दगडावर लिहून ठेवले आहे. सोने त्याच नावाच्या वजनाने आणि रत्ने 'दक्षिणमेरुविटंकन' नावाच्या वजनाने तोलली, हेही तिथल्या लेखांत आहे. एखादी वारली किंवा सोडून गेली तर वाटा कोणाला, याचा नियमही खाली कोरला आहे.

थोडे थांबून त्या नोंदीकडे बघा. त्या चारशेजणींत नावे सारखी असलेल्या कितीतरी आहेत. म्हणून लिहिणाऱ्याने नावावर भिस्त ठेवली नाही. आळी, ओळ आणि घर मिळून जी ओळख बनते ती दोघींची एक होऊच शकत नाही. डेटाबेसवाले याला प्राथमिक कळ म्हणतात आणि पहिल्या सत्रात शिकवतात. प्रत्येक ओळीत तेच रकाने, त्याच क्रमाने. परिमाणाला माप जोडलेले. बदल झाल्यास काय करायचे ते ठरलेले. छिन्नीने हे करणारा माणूस तुमच्या 'मोडी फायनल दुरुस्त २' पुढे उभा केला तर तो काय म्हणेल, हे मी सभ्यपणे लिहू शकत नाही.

त्याच देवळाच्या आवारात १८०३ साली सरफोजींनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. प्रचंड लेख आहे, आणि मराठी माणूस तिथे गेला की त्याच्यासमोर उभा राहून सेल्फी काढतो. काढावा. पण तिथे आहे ती सलग कथा, आणि चारशे घरांचा लेख आहे तक्ता. कथा डोळ्यांनी वाचावी लागते, तक्त्याला प्रश्न विचारता येतो.

प्रश्न विचारता येणे, हे कामच एवढे अवघड आहे की मोठमोठ्यांची त्यात दमछाक झाली. तंजावरला न्यायाधीश असलेल्या आर्थर कोक बर्नेलने राजवाड्यातल्या संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची केली, ती १८८० साली छापून आली. पुढे पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ ते १९३४ या काळात एकोणीस खंडांची वर्णनात्मक सूची काढली. या दोघांच्या चिकाटीपुढे माझी मान लवते. पण छापील सूचीला क्रम एकच असतो. बर्नेलने विषयवार लावली, म्हणून विषय शोधणाऱ्याचे भाग्य. कोणत्या लेखकूने किती पोथ्या उतरवल्या, कोणत्या दशकात वैद्यकाचे ग्रंथ जास्त आले, हे विचारायचे असेल तर एकोणीस खंड पुन्हा पहिल्या पानापासून.

हीच अडचण १९७० साली एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत बसून मांडली. तेव्हाच्या यंत्रणांत माहिती झाडासारखी लावलेली असे. अपोलो यानाच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने उभारलेली आयएमएस ही त्यांतली नावाजलेली. झाडाच्या बुंध्यापासून फांदीपर्यंत जायची वाट आधीच ठरलेली, तुमचा प्रश्न त्या वाटेने जात असेल तर उत्तर झटकन, आडवा जात असेल तर नवा प्रोग्रॅम लिहा. कॉडने तीन परावलंबने दाखवली: माहिती कोणत्या क्रमाने लावली आहे, तिच्या कोणत्या सूच्या केल्या आहेत, आणि तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचायचे, या तिन्हींवर वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम अवलंबून राहतो. यातले एकही परावलंबन असू नये, असे त्याचे म्हणणे. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, तक्ते एकमेकांशी सामाईक मूल्यांनी जोडा, आणि काय हवे तेवढे सांगा. कसे आणायचे ते यंत्र बघेल. त्यातून पुढे एसक्यूएल ही भाषा आली, आणि आज तुमचे रेल्वेचे तिकीट, बँकेचे पासबुक, गॅसची नोंदणी सगळे त्याच विचारावर चालते.

आता रुमाल, रुमालात पुडके, पुडक्यात कागद हे काय आहे? झाड. फोल्डर, फोल्डरात फोल्डर, फोल्डरात चित्र हे काय आहे? तेच झाड. म्हणजे १९७० साली जी रचना अपुरी ठरली होती ती आमच्या संस्थांनी एकविसाव्या शतकात अनुदान घेऊन नव्याने उभी केली. वर तिचे उद्घाटनही केले.

तंजावरच्या कागदांत तर झाड पहिल्या पावलालाच मोडते. नावांचेच घ्या. सरफोजी दोन, तुळजा दोन, व्यंकोजी दोन. तंजावरचा शिवाजी हा रायगडचा शिवाजी नव्हे, आणि तंजावरचे शहाजी हे व्यंकोजींचे वडील नसून चिरंजीव, आजोबांचे नाव चालवणारे. पहिल्या तुळजांना तुक्कोजी असेही म्हणत, म्हणजे एका माणसाला दोन नावे आणि दोन माणसांना एक नाव, हे दोन्ही रोग एकाच घराण्यात. सरफोजींना कोणी शरभोजी लिहितो, तमिळमध्ये ते सरबोजी होतात, इंग्रजीत सेरफोजी. तुमच्या फोल्डरावर 'सरफोजी' लिहून कोणता सरफोजी सांगितलात? पहिले १७२८ साली गेले, दुसरे १७९८ साली गादीवर आले. मधली सत्तर वर्षे कोणाच्या खिशात?

तारखा पाहिल्या तर त्याहून बहार. शक आहे, संवत्सराचे नाव आहे, सुहूर सन आहे, कंपनीच्या पत्रांत इसवी सन आहे. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी फिरून येते, म्हणजे मराठ्यांच्या कारकिर्दीत एकेक नाव तीन तीनदा भेटायचे. पैसा चक्रमांत आणि पणमांत, भात कलमांत आणि मरक्कालांत. यातली प्रत्येक गोष्ट मूळ कागदावर आहे तशी एका रकान्यात आणि उलगडलेली दुसऱ्या रकान्यात ठेवावी लागते. म्हणजे पुढच्या माणसाला तुमची चूक सापडली तर उलगडा बदलतो, मूळ पाठ शाबूत राहतो. फाइलीच्या नावात हे मावत नाही. मावत नाही हे कबूल करायला काय जाते?

"एक्सेल आहे ना!" हे उत्तर आले. येणारच होते. एक्सेलवीर ही स्वतंत्र जमात आहे, आणि तिचा आत्मविश्वास भूगर्भशास्त्रीय खोलीचा असतो. एक्सेल हिशेबाला उत्तम, मी रोज वापरतो. पण त्यात पहारेकरी नाही. 'तुळजा', 'तुळजाजी', 'तुलजा' आणि 'तुळजा महाराज' हे चौघे एकाच रकान्यात सुखाने राहतात. पाऊण मरक्काल म्हणून '३/४' टंका, ते तत्परतेने तीन-चारची तारीख करून ठेवते. जनुकशास्त्रज्ञांची तीच गत झाली. मार्च आणि सप्टेंबरच्या लघुरूपांसारख्या दिसणाऱ्या जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करत राहिले, शेवटी २०२० साली नामकरण समितीने जनुकांची नावेच बदलली. अवजार बदलले नाही, विज्ञानातली नावे बदलली! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकड्यांतून गळली, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपात ओतली जात होती आणि त्या स्वरूपात ६५,५३६ च्या पुढे ओळ नाही. उरलेल्या ओळी मुकाट गळून पडल्या. त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्यांना वेळेवर कोणी कळवले नाही. फाइलीचा दोष एवढाच नाही की ती चुकते. ती चुकताना बोलत नाही.

आणि हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या आजोबांच्या पेढीवरच्या वह्या आठवाव्यात. आधी रोजकीर्द, मग खतावणी. व्यवहार झाला की तो प्रथम कीर्दीत, घडला त्या क्रमाने. मग तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर. खतावणी भिजली, फाटली तरी कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. आजचा जवळजवळ प्रत्येक भरवशाचा डेटाबेस हेच करतो: बदल आधी रोजनाम्यात, मग तक्त्यात. मध्येच वीज गेली तर उठल्यावर रोजनामा वाचतो, पुरे झालेले व्यवहार लावून घेतो, अर्धवट राहिलेले पुसून टाकतो. खजिन्यातून रक्कम गेली पण छत्राच्या खाती पोचली नाही, असे अर्धे सत्य तो ठेवत नाही. झाले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. फडणिशीत ज्याला रुजुवात म्हणत, ती इथे यंत्र प्रत्येक नोंदीला करते. ज्या समाजाने कीर्द-खतावणी सांभाळली त्याच्या संस्थांनी 'फायनल दुरुस्त २' वर समाधान मानावे, याचा मला खरोखर राग येतो.

सातबाराचे उदाहरण तर घरोघरचे. जमिनीच्या गटावरून पाहिले की सातबारा, खातेदारावरून पाहिले की आठ-अ. हकीकत एकच, बाजू दोन. तलाठी हाताने लिहीत होता तोवर वारसाचा फेरफार मंजूर व्हायचा, सातबाऱ्यावर चढायचा आणि आठ-अ वर चढायचा राहायचा, की मग दोन सरकारी कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देत आणि भाऊ भावाविरुद्ध. एक गोष्ट दोन जागी लिहिलीत की कधीतरी त्या दोन जागा भांडणार. म्हणून ती एकाच जागी लिहायची आणि दोन्ही उतारे तिच्यावरून काढायचे. डेटाबेसच्या विचारातली ही सर्वांत साधी गोष्ट आहे, आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला ती समिती सदस्यांपेक्षा लवकर कळते.

हल्ली नवा युक्तिवाद निघाला आहे. आता एआय मोडी वाचेल, मग तक्ते कशाला? वाचू दे, वाचले तर मी पेढे वाटीन. पण वाचून हाती काय येईल? मजकूर. त्या मजकुरातला तुळजा पहिला की दुसरा, हे ठरवायला व्यक्तींचा तक्ता लागेल. त्यातले संवत्सर तीनपैकी कोणते, याला कारकिर्दींचा तक्ता लागेल. यंत्राने चूक केली ती धरायलाही कोणीतरी पडताळलेली नोंद आधी हवी. एआयचे नाव पुढे करून पाया घालायचे टाळणारे लोक दहा वर्षांपूर्वी स्कॅनरचे नाव पुढे करून तेच टाळत होते.

छायाचित्रे फायलींतच असावीत, हे मी आधी म्हणतो, कोणी मला शिकवण्याआधी. दुसऱ्या सरफोजींच्या काळातल्या नेत्ररुग्णांचे केसपेपर सरस्वती महालात आहेत. रुग्णाचे नाव, वय, तक्रार, उपचार, आणि सोबत त्या डोळ्याचे रंगीत चित्र. ते चित्र तक्त्यात कोंबायचे कारण नाही. त्याची स्वच्छ प्रतिमा फाइल म्हणून ठेवा, तिचा क्रमांक नोंदीत द्या. पण नाव, वय, तक्रार, उपचार, तारीख हे रकाने तर त्या काळच्या लेखनिकानेच आखून दिले आहेत! ते उचलून तक्त्यात ठेवले की विचारता येते: याच नावाचा माणूस त्याच महिन्यात राजवाड्याच्या खर्चाच्या कागदांत कुठे येतो का? त्याला धान्य मिळाले का? कोणत्या वयाचे रुग्ण जास्त होते? केसपेपर एका कपाटात आणि खर्चाचे रुमाल दुसरीकडे असल्यामुळे हे प्रश्न कोणी विचारत नाही. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी सरफोजींच्या दरबारात भरतनाट्याचा आजचा मार्गम, म्हणजे सादरीकरणाचा क्रम, घडवला, असे नृत्याचे विद्यार्थी घोकतात. दरबारच्या कागदांत त्यांची नावे कोणत्या खर्चाशेजारी, कोणत्या साली, कोणत्या नर्तकींबरोबर येतात, हे एका प्रश्नात दिसायला हवे. त्याऐवजी ते ज्या अभ्यासकाला दिसले त्याच्या वहीत आहे.

माझा खरा संताप या वहीवर आहे. मोडी सफाईने वाचणारी माणसे थोडी. त्यातली तंजावरची मराठी, तिच्यातली तमिळ मापे आणि तिथली दफ्तरी वळणे जाणणारी त्याहून थोडी. अशा माणसाने महिनोन्‌महिने बसून रुमाल वाचायचे, स्वतःच्या प्रबंधापुरते टिपून घ्यायचे, पदवी घ्यायची, आणि वही माळ्यावर. पुढचा येतो, तोच रुमाल सोडतो, तेच कागद वाचतो, फक्त शोधतो वेगळे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह खंडांत छापले, ते काम मोलाचे आहे, आणि आम्ही मराठी लोकांनी आमच्याच भाषेतल्या दफ्तरासाठी तमिळ खंड उघडावेत यात लाज त्यांची नाही. पण तेही खंडच. त्यांना आडवा प्रश्न विचारता येत नाही.

पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, एसक्यूलाइटही फुकट आहे. पैशाचे रडगाणे बंद करा. तक्ते पाच पुरतात: कागद, व्यक्ती, स्थळ, रक्कम-परिमाण, दिनांक. वाचणाऱ्याने कागद उलगडला की त्याच बैठकीत, स्वतःचा विषय असो वा नसो, त्या कागदाची एवढी नोंद भरायची आणि खाली आपले नाव घालायचे. वाचता न आलेली जागा 'वाचता आले नाही' अशीच भरायची, अंदाज ठोकायचा नाही. आणि मोडी साधनांवर लिहिलेला प्रबंध त्या नोंदी सामाईक तक्त्यात जमा झाल्याची पावती जोडल्याशिवाय विद्यापीठाने स्वीकारू नये, पुण्याच्या असो, मुंबईच्या असो वा तंजावरच्या.